खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय लांब वाटतोय? घाईने बुटात काही घालू नका

खुबा बदललेल्या माणसांशी बोललात तर एक गोष्ट लक्षात येईल, सांध्याचं जुनं दुखणं गेलं याचं कौतुक दोन मिनिटात संपतं आणि मग आवाज थोडा खाली जातो आणि विचारतात, तुमचाही पाय लांब झाल्यासारखा वाटतो का हो? मला हे इतक्या जणांनी विचारलंय, आणि मी स्वतः त्यातून गेलेय, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझा उजवा खुबा. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, बरीच वर्षं ओढलं आणि मग टोटल हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा पूर्ण सांधा बदलायचं ऑपरेशन केलं. वॉकर घेऊन उभं राहिलं की पहिल्या दिवसापासून असं वाटायचं की उजव्या पायाखाली कुणीतरी पाट ठेवलाय. डावी टाच नीट टेकायचीच नाही, मग मी नकळत उजवा गुडघा थोडा वाकवून उभी राहायचे, आणि चालताना तो पाय बाहेरून गोल फिरवून पुढे आणायचे. रात्री झोप लागायची नाही, कारण डोक्यात एकच, आता आयुष्यभर असंच लंगडायचं का. ऑपरेशनच्या आधी रक्त, भूल, टाके, खर्च सगळं समजावून सांगितलं होतं, पण पाय काही महिने लांब वाटू शकतो हे एक वाक्य कुणीच बोललं नव्हतं. याचा मला अजूनही राग आहे. ते एक वाक्य आधी कानावर पडलं असतं तर निम्मी भीती वाटलीच नसती.

आता मुख्य मुद्दा. पाय लांब असणं आणि लांब वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेकांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा असतो. सांधा झिजतो तेव्हा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल टोक, आणि तो जिथे बसतो ती कंबरेच्या हाडातली वाटी, यांच्यामधली कूर्चा, म्हणजे गुळगुळीत थर, जाते, कधीकधी हाडही झिजतं, त्यामुळे तो पाय हळूहळू काही मिलिमीटर आखूड होतो. हे इतकं सावकाश होतं की शरीर त्यालाच सरळ समजायला लागतं. दुखऱ्या बाजूचे स्नायू, सांध्याभोवतीचं आवरण सगळं आखडतं, कंबर तिरकी होते, मणका त्या तिरकेपणाशी जुळवून घेतो. मग सर्जन एका दिवसात ती गेलेली लांबी परत देतो. पाय जिथे असायला हवा तिथे येतो, पण कंबर आणि स्नायू जुन्याच हिशोबावर चालू असतात. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ताठ असले की ते कंबरेचं हाड त्या बाजूला खाली ओढून धरतात, आणि कंबर खाली आली की तो पाय आपोआप लांब वाटतो, हाडाची लांबी अगदी सारखी असली तरी.

माझ्या फिजिओने हे मला शब्दांत सांगितलं नाही, करून दाखवलं. मला आरशासमोर उभं केलं आणि डाव्या पायाखाली पातळ फळ्या एकेक करून सरकवत गेली, आणि दर वेळी विचारायची, काकू आता कसं वाटतंय? तिसऱ्या फळीला मी म्हटलं, हां आता बरोबर झालं, दोन्ही पाय सारखे. मग तिने मागून माझ्या कंबरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवले आणि म्हणाली आता आरशात माझे हात बघा. उजवा हात चांगलाच खाली होता! म्हणजे मला ज्या उंचीला आरामशीर वाटत होतं तिथे माझी कंबर चक्क तिरकी होती. ती म्हणाली, काकू एवढी उंची आज बुटात घातली तर तुम्हाला छान वाटेल, पण हे आखडलेले स्नायू सैल व्हायचं कारणच उरणार नाही, तिरकेपणा तसाच पक्का होऊन बसेल. मला तिचं हे म्हणणं शंभर टक्के पटलं.

मग टेपने मोजलं. कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत, दोन्हीकडे. ही झाली खरी लांबी. बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजतात ती दिसणारी लांबी, त्यात कंबरेचा तिरकेपणा पण येतो. माझ्या या दोन मापांत बराच फरक निघाला, आणि एक्स-रेवर डॉक्टरांनी कंबरेच्या हाडावर आडवी रेघ मारून मांडीच्या हाडावरच्या छोट्या उंचवट्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं तेव्हा खरा फरक आला 6 मिलिमीटर. मला वाटत होता निदान दोन सेंटिमीटर. बाकी सगळा कंबरेचा खेळ होता. आणि 1 सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना सवयीने जाणवेनासा होतो, ऑपरेशन न झालेल्या कितीतरी लोकांचे पाय पण काही मिलिमीटर कमीजास्त असतातच, त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो.

बरं, मग सर्जन अगदी मिलिमीटरला मिलिमीटर का नाही बसवत? हा प्रश्न मी पण विचारला, जरा चिडूनच. त्यांनी सांगितलं की प्लॅन एक्स-रेवर आधी केलेला असतो, ऑपरेशन चालू असताना पण तपासतात, पण त्यांची पहिली काळजी सांधा निखळू नये ही असते. स्नायूंचा ताण कमी पडला तर बॉल वाटीतून बाहेर येऊ शकतो, मग थोड्या लांब मानेचा बॉल घालून ताण वाढवावा लागतो, त्यात पाय काही मिलिमीटर लांब होतो. निखळलेल्या सांध्यापेक्षा थोडा लांब पाय परवडला, हे मलाही मान्य आहे. पण हेच ऑपरेशनच्या आधी सांगा ना लोकांना!

लंगडण्याचं अजून एक कारण आहे जे लोक पायाच्या लांबीवर ढकलतात. खुब्याच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू, एका पायावर उभं असताना कंबर समतोल ठेवणं हे त्याचं काम. तो कमजोर असला की ऑपरेशनच्या पायावर वजन आलं की दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते आणि तोल सांभाळायला अंग एका बाजूला झुकतं. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने हे 1895 मध्ये सांगून ठेवलंय आणि आजही डॉक्टर त्याच्याच नावाने ही तपासणी करतात. वर्षानुवर्षं दुखऱ्या पायावर वजनच न टाकल्याने तो स्नायू सुकलेला असतो, तो काय लगेच उठून कामाला लागणार. म्हणून काठी लवकर सोडायची घाई नको, आणि काठी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात धरायची. कितीतरी लोक उलट धरतात आणि मग अजून झुकतात.

माझा व्यायाम अगदी साधा होता. उभं राहून पाय बाजूला नेणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकत डोलणे, आणि आरशासमोर हळू चालणे, टाच आधी टेकवायची, गुडघा सरळ ठेवायचा, पाय गोल फिरवायचा नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर थोडा वेळ पालथं झोपणं पण सुरू केलं, त्याने खुब्याचा पुढचा भाग सैल होतो. आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचा मोह टाळा, फार बरं वाटतं पण खुबा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो.

हालचालींच्या बाबतीत तुमचं ऑपरेशन कुठल्या बाजूने केलंय ते विचारून घ्या. मागच्या बाजूने केलं असेल तर साधारणपणे खुबा 90 अंशाच्या पुढे वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, पाऊल आत वळवू नका असं सांगतात, पुढून केलं असेल तर पाय मागे नेऊन बाहेर वळवणं टाळायला सांगतात. किती आठवडे पाळायचं हे प्रत्येक सर्जनचं वेगळं, काहीजण आता खूपच कमी बंधनं घालतात. त्यामुळे दुसऱ्याच्या पेशंटचे नियम आपल्याला लावून घेऊ नका. खोल सोफा मात्र सुरुवातीला सगळ्यांनीच टाळलेला बरा.

माझी कंबर सरळ व्हायला काही महिने गेले. एका दिवसात काही घडलं नाही, फक्त कधीतरी लक्षात आलं की आपण पायाचा विचार न करता स्वयंपाकघरात उभ्या आहोत. साधारण तीन ते सहा महिने नेटाने व्यायाम करूनही फरक जाणवत असेल तर परत मोजून घ्या, तेव्हा बुटाचा विचार करायचा, आणि तोही पूर्ण फरक भरून न काढता थोडा कमी. छोटा फरक बुटाच्या आतल्या सोलने भागतो, मोठा असेल तर बाहेरून तळवा वाढवावा लागतो. नुसत्या लांबीसाठी परत ऑपरेशन करायची वेळ क्वचितच येते.

पण काही गोष्टींना थांबायचं नाही. अचानक जोरात कळ येऊन पाय आखूड झाला, पाऊल आत किंवा बाहेर वळलं आणि वजनच टाकता येईना तर सांधा निखळलेला असू शकतो, सरळ हॉस्पिटल गाठा. पाऊल वर उचलता येत नसेल, चवडा घसटत असेल तर नसेवर ताण आलेला असू शकतो, ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं तरी तसंच. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, लगेच इमर्जन्सीत जा. आणि वर्ष दोन वर्षं सगळं छान चालू असताना पाय हळूहळू आखूड व्हायला लागला, मांडीत दुखायला लागलं तर एक्स-रे काढून घ्याच, मांडीच्या हाडात बसवलेली नव्या सांध्याची दांडी खाली सरकलीय का ते बघावं लागतं.