मालवणला निघण्याआधीच्या दोन वेण्या

स्नॉर्केलिंगच्या मास्कची सिलिकॉनची कड कपाळाला नीट चिकटली तरच आत पाणी येत नाही. तिच्याखाली चार केस अडकले तरी पाणी झिरपायला लागतं आणि मूल घाबरून वर येतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरल्यावर मला हॉटेलच्याही आधी लेकीचे केस आठवले. कुरळे, दाट, पाठभर. त्यात कपाळावरचे बारीक केस कुठल्याच पिनेला दाद देत नाहीत. शाळेच्या रिबिनीच्या वेण्या संध्याकाळपर्यंत विस्कटतात. इथे तर आधी रात्रभर कोकणकन्या, मग कुडाळहून मालवणपर्यंत रिक्षा आणि पुढे समुद्र. त्यामुळे अगदी कपाळापासून केस घेत जाणाऱ्या दोन सागरवेण्या घालायचं ठरवलं. एकच घातली तर ती नेमकी मागे मधोमध येते. तिच्यावरच मास्कचा पट्टा बसतो आणि बर्थवर झोपताना तीच टोचते.

पार्लरमध्ये अशा वेण्या छान घालून मिळतात, पण आमच्या घरातला गुंता सोडवण्याइतका वेळ तिथे कुणाकडे असणार? आणि खरं काम गुंत्याचंच आहे, वेणी नंतरची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी केस धुतले आणि कंडिशनर तसाच ठेवून गुंता काढायला बसले. ओला केस जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो हे खरं, पण कुरळ्या केसांवर कोरडा कंगवा फिरवणं त्याहून वाईट. कंडिशनरमुळे केसावर केस सरकतो. जाड दातांचा कंगवा घेतला. बट मुळाशी मुठीत धरायची, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून बोटभर बोटभर वर सरकायचं. वरून खाली ओढलं की सगळा गुंता शेवटी एका गाठीत जमतो आणि मग रडारड. लेक स्टुलावर, मी मागे खुर्चीत, तिच्या हातात टॅब. एरवी जेवताना टॅब बंद असतो. केसांच्या वेळी मी तत्त्वं बाजूला ठेवते.

सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. “ओल्यातच घाल गं, छान बसते.” बसते खरी, पण कुरळे केस वाळताना आखडतात. ओल्यात सैल वाटलेली वेणी सकाळी टाळू ओढायला लागते, शिवाय आतून लवकर वाळत नाही आणि कुबट वास येतो. म्हणून वेणी दुसऱ्या दिवशी दुपारी, केस पूर्ण वाळल्यावर. हाताला थोडं खोबरेल लावून घेतलं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसातली प्रथिनं कमी निघून जातात, असं मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी 2003 मध्ये सूर्यफुलाच्या आणि मिनरल तेलाशी तुलना करून दाखवलं होतं. कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवूनही मी ते वापरते.

शेपटीच्या कंगव्याने नाकाच्या रेषेत कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडला. एका बाजूचे केस चापात अडकवून ठेवले. कपाळाशी छोटी बट घेऊन तिचे तीन पेड केले आणि प्रत्येक वेळी बाजूने बोटाएवढे नवे केस त्यात मिळवत गेले. पेड वरूनच नेले. खालून नेले तर वेणी उठून दिसते, पण मला सपाट हवी होती. हात डोक्याला टेकलेले ठेवायचे. जरा बाहेर ओढले की तिथे फुगा येतो. आणि मानेपाशी पोचल्यावर मुली हमखास मान खाली घालतात. तशीच वेणी घातली तर मान वर केल्याबरोबर मागचा भाग ढिला पडतो. “मान सरळ!” हे मी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे.

“घट्ट घाल, घट्ट वेणीने केस वाढतात,” सासूबाईंचं चालूच होतं. “आई, केस मुळातून वाढतात, महिन्याला सेंटिमीटरभर. वेणी सैल असो की घट्ट.” उलट रोज ओढून बांधले तर कानशिलांवरचे केस विरळ होतात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. माझी परीक्षा सोपी आहे: लेकीला भुवया उंचवायला लावायच्या. कपाळ ताणलं गेलं तर पुढचे पेड सैल करायचे. टोकाला कापडी रबर. वह्यांना लावतात ते रबर केस तोडतं.

गाडीत तिच्या डोक्याला माझा सॅटिनचा स्कार्फ बांधला. सुती उशीवर केस घासून पिंजारतात. मालवणला पाण्यात उतरण्याआधी बाटलीतलं साधं पाणी वेण्यांवर ओतून त्या भिजवल्या, म्हणजे खारं पाणी कमी शोषलं जातं. तेल फक्त वेण्यांच्या शेपटांना लावलं, कपाळाला अजिबात नाही, नाहीतर मास्क घसरतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तिने मासे पाहिले, मास्कमध्ये पाणी आलं नाही. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने वेण्या तशाच खळबळून टॉवेलने दाबून टिपल्या, चोळल्या नाहीत.

घरी येऊन टोकाकडून वेण्या सोडल्या तेव्हा हातात मूठभर गुंतवळ आलं. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. रोज पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. इतके दिवस ते वेणीतच अडकून राहिले होते, ते एकदम बाहेर आले, एवढंच. हे त्यांना पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी तेलाची वाटी गरम करायला ठेवली आणि नातीला समोर बसवून घेतलं.