किब्बरच्या थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी

हिमबिबट्याच्या फोटोंसाठी फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीत जाणारे लेन्सचा विचार महिनाभर करतात आणि बॅटऱ्या मात्र कपाटात असतील त्या उचलतात. तिथलं किब्बर गाव 4,200 मीटरच्या आसपास आहे. पहाटे पारा उणे 15-20 अंशांपर्यंत उतरतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात मात्र वापराचं तापमान 0 ते 40 अंश एवढंच दिलेलं असतं.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतला चार्ज नाहीसा होत नाही. आतलं द्रावण दाट होतं, आयन सावकाश सरकतात, अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी बर्स्ट मारला, म्हणजे एकापाठोपाठ धडाधड फोटो काढले, की व्होल्टेज एकदम पडतं आणि कॅमेरा बॅटरी संपली असं समजून बंद होतो. ती बॅटरी आतल्या खिशात अर्धा तास ठेवा. बरेच फोटो अजून निघतात.

जुन्या बॅटरीचा रोध मुळातच जास्त, म्हणून थंडीत तीच आधी मान टाकते. त्यामुळे निवडताना क्षमतेच्या आकड्यापेक्षा वय बघा. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमध्ये बॅटरीचं वय 0 ते 4 असं दिसतं. 0 किंवा 1 असलेल्याच न्या. कॅननमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सच्या तिन्ही हिरव्या पट्ट्या हव्यात. स्वस्त बॅटरीवरच्या फुगवलेल्या एमएएचवर (क्षमतेच्या आकड्यावर) विसंबू नका. सोनीची एनपी-एफझेड100 ही 7.2 व्होल्ट, 2280 एमएएच, म्हणजे 16.4 वॉट-अवर. त्याच आकारात कुणी फारच मोठा आकडा छापला असेल तर ती घेऊ नका.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असेल तर दिवसाला चार बॅटऱ्या धरा, कारण व्ह्यूफाइंडर सतत वीज खातो. चिकटपट्टीवर क्रमांक लिहा. टोप्या लावून त्या अंगाजवळच्या खिशात ठेवा, किल्ल्या-नाणी नकोत. हँड वॉर्मर (हात शेकायची पुडी) लावायचा तर मोज्यात गुंडाळून. हवाबंद पिशवीत तो चालत नाही, त्याला ऑक्सिजन लागतो.

फ्लॅशला एए सेल लागतात. अल्कलाइन नेऊ नका, त्यांचं द्रावण पाण्याचं असतं, गारठ्यात ते ढेपाळतात. एनर्जायझरचे अल्टिमेट लिथियम सेल उणे 40 पर्यंत चालतात, वजनालाही हलके, पण रिचार्ज होत नाहीत. परवडत नसतील तर चांगले एनआयएमएच (रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड) सेल घ्या.

सगळ्यात मोठी चूक संध्याकाळी होते: बाहेरून आल्या आल्या गार बॅटरी चार्जरवर. शून्याखाली चार्ज केल्यास बॅटरीच्या आतल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची जाते. आधी तास-दीड तास खोलीत ठेवा, बुखारीला (खोलीतल्या शेगडीला) चिकटवून नव्हे. कॅमेरा आत आणण्याआधीच झिपलॉक पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर बसेल. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते.

विमानात सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत.