मिरवणुकीतला झेंडा आणि सीमेवरचं पार्सल

७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन

लाल, गडद निळी आणि फिकट निळी अशी तिरंगी पट्टी आज छातीवर लागते. भूदल, नौदल, वायुदल. १९४९ पासून हा दिवस पाळतात. जमलेला निधी वीरपत्नी, जखमी जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो वर्षभर कधीही भरता येतो. पावती जरूर मागून घ्यावी, जुन्या करप्रणालीत या देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळते. लढाई चालू नसली की या निधीच्या डब्यासमोरून माणसं सरळ निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

लढाईच्या दिवसांत मात्र आपल्याकडे उत्साहाला तोटा नसतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर गावोगाव तिरंगा यात्रा निघाल्या. मला त्या मनापासून आवडतात. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्या दारावरून 'भारत माता की जय' म्हणत गर्दी जाते तेव्हा त्या आईबापांना धीर येतो. म्हणूनच अशा यात्रेत झेंड्याची आबाळ झालेली बघवत नाही.

झेंडा घेतानाच पाहावं. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, चक्र बरोबर मध्यभागी, आऱ्या २४. घाईच्या छपाईत चक्र सरकतं किंवा अंडाकार होतं. असा झेंडा दुकानदाराला परत करावा. हातात धरून चालायला ९०० × ६०० मिलिमीटरचा सोयीचा पडतो. २०२१ च्या अखेरच्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालतं, पण जमेल त्यांनी खादी घ्यावी. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती खादीचे राष्ट्रध्वज बनवते, म्हणजे फार लांब शोधायला नको. झेंड्यावर मंडळाचं नाव, नेत्याचा फोटो, कसलीही अक्षरं नकोत. त्याच काठीवर दुसरा झेंडा नको. गाडीच्या बॉनेटवर, टपावर किंवा मागे तो पांघरणं ध्वजसंहितेत बसत नाही, आणि यात्रेत सर्रास दिसते ती चूक हीच. भिंतीवर उभा लावला तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी पट्टा यावा.

खरी परीक्षा यात्रा संपल्यावर. कागदी झेंडे मुलांच्या हातून गळतात, गटारात जातात. शेवटच्या रांगेमागे स्वच्छ पोती घेतलेले चार कार्यकर्ते आधीच नेमावेत आणि सांगतेच्या ठिकाणी झेंडे परत घ्यायचं टेबल मांडावं. चांगले झेंडे धुऊन, पूर्ण वाळवून, घडी घालून ठेवावेत. दमट राहिले तर पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. फाटलेले झेंडे एकांतात, अखंडच, शक्यतो जाळून नष्ट करायचे असतात. पॉलिएस्टर जळताना वितळून ठिबकतं, धूरही घशाला लागतो, म्हणून हे काम उघड्यावर, लोखंडी घमेल्यात, मोठ्या माणसानेच करावं.

आता मोबाइलचं. लष्करी ताफा दिसला की हात हलवावा, जयघोष करावा. व्हिडिओ मात्र काढू नये. एका चित्रफितीत वाहनांची संख्या, रस्ता, दिशा, वेळ, सगळं शत्रूच्या हाती जातं. सरकारने माध्यमांनाही हालचालींचं थेट चित्रण टाळायला सांगितलं होतं, आणि हौसेने चढवलेली आपली रील काही वेगळी नसते. घरच्या जवानाची पलटण कुठे हलली, हेही ग्रुपवर टाकू नये.

राखी आणि फराळ पाठवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते. पत्त्यावर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय), जे जवानाने कळवलं असेल ते. ठिकाणाचं नाव लिहायचं नाही. एक आकडा चुकला की पार्सल फिरत राहतं. ओळखीचा जवान नसेल तर परस्पर खोके धाडू नयेत, आधी सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. वाटेत किती दिवस जातील याचा नेम नसतो, म्हणून ओल्या नारळाच्या वड्या नकोतच. शंकरपाळे, बेसन लाडू, सुकी चटणी टिकते. चकली पाठवायची तर पत्र्याच्या डब्यात उभी रचून, फटींत कागद कोंबून. नाहीतर पोचतो तो चुरा. तळणीचं तेल ताजं हवं, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातला फराळ लवकर खवट होतो. पिशवी सील करताना हवा दाबून काढावी, कारण लेहसारख्या उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, पाकीट टम्म फुगतं आणि शिवणीवर उसवतं.

सोबत पत्र हवंच. मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण असेल तर बिनधास्त मराठीत लिहावं, आणि त्यात गावचा पाऊस, पेरणी, जत्रा, कबड्डीचा निकाल असं सगळं येऊ द्यावं.