तुम्ही विचारलंत म्हणून: ते कौतुक होतं की टिंगल?

दरवर्षी फेब्रुवारीत टीव्हीवर अर्थसंकल्पाचं गुऱ्हाळ सुरू झालं की माझा तो कागद कुठल्यातरी ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. मग पाठोपाठ प्रश्न येतोच. "मॅडम, खरं सांगा, सरांचं कौतुक केलं होतंत की त्यांची खेचली होतीत?" इतक्या वर्षांत मी "दोन्ही" म्हणून पाहिलं, हसून पाहिलं, एकदा तर "तो मी लिहिलाच नाही" असंही ठोकून दिलं. आता लिहूनच टाकते.

कागद ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च 2011. एम.ए.चं शेवटचं सत्र. सर शिकवायचे त्या सार्वजनिक आयव्यय, म्हणजे सरकारी जमाखर्च, या ऐच्छिक पेपरावर आमच्याकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. "इतर सूचना" यासाठी चार ओळींची जागा होती, मी पाठपोट लिहिलं. त्यातलं थोडं असं:

"या पेपराने माझं हॉस्टेलचं जीवन घटनात्मक झालं. घरून येणारे पैसे आता एकत्रित निधीत जमा होतात. लाडवांच्या डब्याखालचे 500 रुपये हा आकस्मिकता निधी. तो राज्यपालांच्या, म्हणजे रूममेटच्या ताब्यात असतो आणि त्यातून उचललेली रक्कम आईकडे पुरवणी मागणी करून भरून काढावी लागते. मेसचं बिल हा भारित खर्च आहे. त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. माझे या पेपरातले गुण: अर्थसंकल्पीय अंदाज 75, सुधारित अंदाज 58, प्रत्यक्ष 41. पीकॉक आणि वाइजमन हे अर्थतज्ज्ञ म्हणतात की युद्धात वाढलेला सरकारी खर्च युद्ध संपल्यावर पूर्वपदावर येत नाही. परीक्षेच्या रात्री वाढलेल्या चहाचंही तेच. आणि दुपारी अडीचच्या तासाला सरांचा आवाज म्हणजे झोपेवरचं शंभर टक्के अनुदान. लाभार्थी अकरा, गळती शून्य."

आता माझी बाजू. जे कळलेलं नाही त्याच्यावर विनोद करता येत नाही. भारित आणि दत्तमत (सभागृहाने मत देऊन मंजूर करायच्या) खर्चातला फरक डोक्यात पक्का असल्याशिवाय मेसच्या बिलाचं वाक्य सुचेल का? तो फरक मला सरांनी शिकवला होता. न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज हे सभागृहाच्या मर्जीवर का सोडलेलं नाही, हे त्यांनी एक अख्खा तास खर्चून सांगितलं होतं. फेब्रुवारी संपला की ते स्वतःचं पगारपत्रक वर्गात आणायचे, मूळ वेतनावर बोट ठेवून झाकायचे (आम्हाला ते दिसायचंच) आणि विचारायचे, "व्यवसाय कर दर महिन्याला दोनशे. मग या महिन्यात तीनशे का?" कुणीतरी म्हणायचं, दिवस कमी म्हणून दंड. सर खूश व्हायचे, कारण चुकीचं उत्तर त्यांना हवंच असायचं. मग फळ्यावर: राज्यघटनेचा अनुच्छेद 276, कमाल मर्यादा वर्षाला 2500. दोनशे गुणिले अकरा 2200, वर तीनशे. महाराष्ट्राने हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला लावला, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. पगारदाराच्या दोनशे रुपयांतून दुष्काळी गावातल्या बाईला खडी फोडायचं का होईना, काम मिळतं, ही गोष्ट ते घरातल्या कुणाची सांगावी तशी सांगायचे.

म्हणजे कौतुकच होतं. पण.

झोपेचं वाक्य त्यात बसत नाही. त्या तासाला मी कधी झोपले नाही. मागच्या बाकावरच्या दोघी झोपायच्या आणि ते वाक्य मी त्यांच्यासाठी लिहिलं. फॉर्म देण्याआधी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या त्याच वाक्याला हसल्या. आकस्मिकता निधीला कुणीही हसलं नाही.

जुलैत मी मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला गेले होते. शिपाई म्हणाला, विभागप्रमुखांनी आत बोलावलंय. आत टेबलाच्या काचेखाली जुनं वेळापत्रक, काचेवर माझ्या फॉर्मची झेरॉक्स. झोपेच्या वाक्याखाली लाल पेनने सरळ रेघ, पट्टी लावून मारलेली. समोरच्या खुर्चीत सर, मांडीवर त्यांची कापडी पिशवी.

"हे तुझंच ना?"

"हो."

प्रमुख सरांकडे वळून म्हणाले, "मी काय म्हणतो, विद्यार्थीच म्हणतायत. अकरा मुलं, तीही झोपलेली. बँकिंगच्या पेपराला साठ अर्ज आहेत."

सरांनी झेरॉक्स ओढून घेतली, चश्मा वर करून वाचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पिशवीच्या बंदाकडे पाहत होते. बंद एका बाजूला सफेत दोऱ्याने शिवलेला होता. मग ते म्हणाले, "भारित खर्चाचं हिने बरोबर लिहिलंय. परीक्षेत चौघांनी चुकवलं होतं." एवढंच.

प्रमुखांनी मला विचारलं, "तूच सांग. पेपर उपयोगाचा आहे का?"

मी म्हणाले, "ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, सर."

हे वाक्य फिरणाऱ्या कागदात नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही. बाहेर आल्यावर सरांनी जिन्यात नोकरीचं विचारलं. "लेखा खात्याच्या जागा निघतायत, भर," म्हणाले. त्या झेरॉक्सची घडी त्यांनी पिशवीत ठेवली होती. पुढच्या वर्षीपासून पेपर बंद झाला.

बावीस वर्षांची मी आजही भांडते. म्हणते, पेपर बंद होणारच होता, साठ अर्जांपुढे अकरा पोरं कोण ठेवतं? एका फॉर्माने अभ्यासक्रम बुडतो का? तिचं खरं आहे. मी म्हणते, मग "हो, उपयोगाचा आहे" एवढं म्हणायला काय झालं होतं? ती म्हणते, सर्टिफिकेटवर सही प्रमुखांची होती. हेही खरं आहे. मग ती उलटून विचारते, इतकंच वाटतं तर नंतर सरांना एक फोन का नाही केलास? तिथे मी गप्प बसते.

मी लेखा खात्यात लागले. 31 मार्चच्या रात्री बिलांचा ढीग पुढ्यात असतो, निधी व्यपगत होईल, म्हणजे न वापरल्याने हातचा जाईल, म्हणून प्रत्येक विभाग फोन करत असतो आणि सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च हे रकाने भरताना मला माझे 75, 58, 41 आठवतात. खरे गुण 68 होते, विनोदासाठी कमी केले. माझ्या कागदातल्या काही ओळी आता कुणाला कळतही नाहीत. "योजनेतर अभ्यास" असा एक शब्द होता. योजना (पंचवार्षिक योजनेतला) आणि योजनेतर (त्याबाहेरचा) अशी खर्चाची विभागणीच केंद्राने 2017-18 पासून मोडीत काढली, त्यामुळे तो विनोद आता तळटीप लावून सांगावा लागतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीचा पगार झाल्यावर आमच्याकडे नव्याने लागलेला एक मुलगा पगारपत्रक घेऊन आला. "मॅडम, व्यवसाय कर शंभर जास्त कापलाय. चूक आहे ना?"

मी त्याला खुर्ची दिली. अनुच्छेद 276, दोनशे गुणिले अकरा, सगळं सांगितलं. त्याने चांगला प्रश्न विचारला: "मग जास्तीचे शंभर मार्चमध्ये का नाही?" मी म्हटलं, मार्चचा पगार हातात एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे पुढच्या वर्षात. हिशेब फेब्रुवारीतच पुरा करावा लागतो. रोजगार हमीचंही सांगितलं. माझाही आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरच्यांनी मान वर केली.

तो उठला, मग थांबून त्याने मोबाइल पुढे केला. "हे तुमचंच ना, मॅडम? आमच्या ग्रुपवर आलंय."

"हो."

"यातलं ते झोपेचं वाक्य भारी आहे," तो म्हणाला.