चणे आणि दाढा

निघायच्या आधी पंधरा दिवस माझी उजवीकडची खालची दाढ काढली. "काका, वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही," असं म्हणून डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा चावून धरायला लावला. फ्लोरिडात लेकीकडे पोचलो ते डाव्या बाजूने जेवतच. रविवारी तिने होमोसासाच्या झऱ्यावर नेलं. तिथे पाण्याखाली एक काचेची खोली आहे. खाली उतरलं की मासे मोकळे आणि माणसं कोंडलेली.

काचेपलीकडे मॅनटी होती. तिला समुद्रगाय म्हणत असले तरी तिची सोयरीक हत्तीशी, वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांवरची नखंसुद्धा त्याच घराण्यातली. तीन मीटर लांब, पाचेकशे किलो वजन, रंग भिजलेल्या गोणपाटाचा. पाण्यात लेट्यूसची पानं तरंगत होती. तिचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळे हलतात. एकाने पान ओढायचं, दुसऱ्याने आत सारायचं. माझी आजी गप्पा मारता मारता मेथी निवडायची तसं: नजर भलतीकडे, हात चालू.

आणि दाढा! पुढचे दात तिला नाहीतच. दाढा मात्र जबड्यात मागून येतात आणि महिन्याला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतात. गवतातली वाळू चावून झिजलेली दाढ पुढे पोचली की गळून पडते, तोवर मागे नवी तयार. जन्मभर हेच. हत्तीला दाढांचे सहा संच मिळतात, आपल्याला दातांचे दोन, त्यातला एक तर शाळेत जाईपर्यंत हलायला लागतो. खरं सांगतो, मत्सर वाटला.

दिवसाचे सहा-आठ तास चरणं. पोटातल्या वायूचाही हिशेब: धरून ठेवला की तरंगायला मदत, सोडला की बुडायला. हे ऐकून नात हसत खालीच बसली.

ती मॅनटी वळली तेव्हा पाठ दिसली. सुरीने वांग्याला चिरा द्याव्यात तसे एकाशेजारी एक पांढरे वण. बोटीच्या पंख्याचे. इतक्या जणींच्या अंगावर असे वण आहेत की अभ्यासक त्यांना वणांवरूनच ओळखतात.

देह एवढा, पण चरबीचं पांघरूण पातळ. पाणी 20 अंशांखाली गेलं की जिवावर बेततं, म्हणून हिवाळ्यात त्या अशा झऱ्यांवर, नाहीतर वीजकेंद्रातून गरम पाणी सुटतं तिथे गर्दी करतात. 2021 साली फ्लोरिडात अकराशेच्या आसपास मॅनटी दगावल्या, त्यातल्या बऱ्याच उपासाने. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून या खाजणात खतं आणि मैलापाणी उतरून शेवाळं माजलं, उजेड तळाशी पोचेना, गवत मेलं. त्या हिवाळ्यात सरकारी माणसं पाण्यात लेट्यूस टाकत होती. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण आपण माणसांपुरतीच वापरतो.

परतताना गाडीत लेकीने विचारलं, "बाबा, भूक लागली का?" हिने पुण्याहून बांधून दिलेले फुटाणे खिशात होते. अर्धे नातीला दिले. तिचा पुढचा एक दात पडलेला, पण दाढा भक्कम. कुडुम कुडुम आवाज येऊ लागला. मी एक फुटाणा डाव्या गालात ठेवला आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसलो.