बे दाहे वीस

आमच्या परळच्या शाळेत वर्षातून दोनदा नळापाशी झुंबड उडायची. एकदा १५ ऑक्टोबरला आणि एकदा जानेवारीतल्या आनंद मेळाव्याला.

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन, २००८पासूनचा. पुढे कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिनही त्याच तारखेला आला. मग पोरं नळावरून थेट वाचनालयात, आणि पुस्तकांवर ओले अंगठे!

चौथीच्या मुलांना मी तळहातावर तेलात कालवलेली हळद चोळायला द्यायचे. नुसत्या पाण्याने ती ढिम्म हलत नसे. वडीचा साबण लावला की मात्र हळद लालभडक. "बाई, रक्त!" दरवर्षी कुणीतरी किंचाळायचंच. साबणातल्या क्षारामुळे रंग पालटतो, हे सांगायला मी मुद्दाम उशीर करायचे. मग अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखं चोळत बेचा पाढा संथपणे दोनदा. वीस सेकंद आरामात होतात. पांढरे शर्ट पिवळे झाल्याबद्दल पालकसभेत बोलणी खायचे, ते वेगळं.

मेळाव्यातली खरी गर्दी भेळेच्या टेबलाशी. कुरमुरे लालबागहून यायचे, चटणीला उकळून गार केलेलं पाणी, कांदा आयत्या वेळी चिरायचा. गल्ल्यावर बसलेल्याने भेळेला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना फार आवडायचा. गल्ल्यासाठी भांडणं व्हायची.

एका वर्षी बटाटेवड्याची भाजी आंबली. रात्री करून गरमगरमच मोठ्या डब्यात भरली, वर घट्ट झाकण. एवढा ढीग आतून तासन्‌तास कोमटच राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं. झाकण उघडलं तेव्हा वासानेच कळलं. करणारी आई रडवेली झाली. खरं तर तिला आधी सांगायला हवं होतं ते मीच. पुढच्या वर्षापासून भाजी सकाळी, परातीत पसरून गार केलेली, आणि दोन तासांत वडे संपवायचे. संपायचेही, अर्ध्या तासात.

निवृत्तीच्या वर्षी मुख्याध्यापक सर फेरी मारत भेळेपाशी आले आणि सवयीने कुरमुऱ्यांत हात घालणार, तोच सहावीतल्या मुलीने पातेल्यावर ताट उपडं घातलं.

"सर, नळ तिकडे आहे."

सर गेले. थोड्या वेळाने नळाकडून त्यांचा खर्जातला आवाज आला, "बे एके बे, बे दुणे चार..."