नुसतं तोंड आलंय म्हणून पाच महिने

आईचं तोंड आलं तेव्हा आम्ही कोणी फार मनावर घेतलं नाही, तोंड काय सगळ्यांचंच येतं, बी-कॉम्प्लेक्स घे, तूप लाव, ज्येष्ठमध चघळ. पाच महिने हेच. डेंटिस्ट झाले, फॅमिली डॉक्टर झाले, एकांनी तर पोट साफ नाही म्हणून चूर्ण दिलं. इकडे बाई वरणभात गार करून, डोळ्यांत पाणी आणून गिळतेय. मग पाठीवर फोड आले, पातळ, पाण्याचे, ब्लाउज घासला तरी फुटणारे, आणि फुटले की जखम भरायचं नावच नाही.

स्किनच्या डॉक्टरांनी फोडाशेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून जरासा सरकवला, तर पापुद्राच निघून आला, उकडलेल्या बटाट्याची साल निघते तसा. बायोप्सीत नाव कळलं, पेम्फिगस व्हल्गॅरिस. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं डेस्मोग्लीन म्हणून प्रोटीन असतं, आपल्याच अँटीबॉडीज त्याच्यावर उठतात आणि टाके उसवावेत तशा पेशी सुटतात. आणि सुरुवात बहुतेकांची तोंडातूनच होते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! संसर्गजन्य अजिबात नाही, पण शेजारच्या काकू अजून दारातूनच विचारपूस करतात.

वॉर्डात चादर पाठीला चिकटायची, ती सोडवताना आई ओरडायची नाही, फक्त माझं मनगट धरायची. सिस्टरांनी केळीची पानं मागवली. स्वच्छ करून, वर तेलाचा हात फिरवून त्यावर झोपवलं, पान चिकटत नाही ना. जेवायला घ्यायचं पान, आई म्हणाली, आता मलाच वाढलंय त्याच्यावर.

स्टिरॉइडने फोड थांबले पण चेहरा फुगला, शुगर वाढली, डोस कमी केला की पुन्हा तोंडात जखमा. मग पल्स, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडच सलाईनमधून ओळीने तीन दिवस, दुसऱ्या दिवशी सोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, असं दर २८ दिवसांनी. ही पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी १९८० च्या दशकात बसवली, आपल्याकडचीच आहे हे ऐकून उगाच बरं वाटलं. तेही पुरलं नाही म्हणून शेवटी रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन डोस, बिल बघून बाबा बराच वेळ गप्प.

आता आठ महिने बरी आहे. रोज सकाळी दात घासून झाले की मोबाईलचा टॉर्च लावून आ करते, मी बघते. आज डाव्या गालाच्या आत एक पांढुरका ठिपका दिसला. चावलं गेलं असेल गं, म्हणाली. मी फोटो काढून ठेवलाय.